आकाशकंदील खरोखर आकाशात: बाटलीवर उडणारं कंदील-रॉकेट

मॉडेल रॉकेट म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात तीच उभी नळी येते, वर टोक, खाली तीन-चार पंख. ते उडतं झकास, वाद नाही, पण एवढं वर आणि एवढ्या झटक्यात जातं की खाली उभ्या पोरांना नुसतं फुस्स ऐकू येतं आणि पुढचा अर्धा तास ते कुणाच्या गच्चीवर पडलं हे शोधण्यात जातो. मला त्यापेक्षा बेढब रॉकेटं आवडतात. तबकडी, पिरॅमिड, शंकू, म्हणजे जे बघून समोरचा म्हणतो हे काय उडणार कप्पाळ, आणि ते उडतं. खाली जे सांगतोय ते आकाशकंदिलाच्या आकाराचं आहे, झिरमिळ्यांसकट. कोल्ड्रिंकची बाटली, पाणी आणि पंपाची हवा एवढ्यावर चालतं, साधारण तीन मजले वर जातं आणि पॅराशूट न लावता त्याच मैदानात खाली येतं.

आधी फटाक्यांच्या दारूचा विषय संपवून टाकू, कारण कुणीतरी विचारणारच. परदेशात १९५७-५८ पासून कारखान्यात बनलेल्या छोट्या तयार मोटरी मिळतात, त्यांना ताकदीप्रमाणे ए, बी, सी अशी अक्षरं असतात आणि प्रत्येक पुढचं अक्षर म्हणजे आधीच्या दुप्पट मर्यादा. सी म्हणजे ५ ते १० न्यूटन-सेकंद (हे एकूण धक्क्याचं माप). आपल्याकडे अशी मोटर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही, म्हणून लोक दिवाळीचे बाण फोडून दारू काढायला नाहीतर घरी काहीतरी शिजवायला बघतात. ते करू नका. बोटं जातात हे एक, आणि विनापरवाना स्फोटकं बनवणं हा गुन्हा आहे हे दुसरं, त्याचे परवाने नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसोकडून, म्हणजे स्फोटकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडून येतात, घरच्या गॅलरीसाठी येत नाहीत. आणि गंमत म्हणजे गरजच नाही. सव्वा लिटरच्या बाटलीत ४०० मिली पाणी आणि ४ बार दाबाने हवा भरली की हिशेबाने ९-१० न्यूटन-सेकंद मिळतात, म्हणजे सी मोटरच्या तोडीचा धक्का. फरक इतकाच की सी मोटर तो दीड-दोन सेकंदांत पुरवून पुरवून देते आणि बाटली सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात सगळा उधळून मोकळी होते. हा फरक लक्षात ठेवा, पुढे बांधणी त्याच्यावरच ठरणार आहे.

आता आकाराचं. रॉकेट सरळ जायला नियम एकच, वजनाचा मध्य पुढे आणि हवेच्या रेट्याचा मध्य मागे, दोघांत निदान एका बाटलीच्या जाडीएवढं अंतर. नळीच्या रॉकेटला हे पंख करून देतात. पण पंखच पाहिजेत असं कुठं लिहिलंय, बॅडमिंटनच्या शटलला पंख नसतात, पुढे जड बूच आणि मागे फुगीर पिसांचा घेर, कसंही मारा, बूच पुढे करूनच जातं. कंदील तसाच घडवायचा आहे. वर नाकात वजन, खाली पसरट घेर, आणि घेराखाली लोंबणाऱ्या झिरमिळ्या, ज्या दिसायला शोभेच्या पण काम करतात शेपटीचं. बेढब रॉकेट बनवणारे बहुतेक लोक हवेचा अडथळा कमी करायच्या मागे लागतात आणि तिथंच फसतात. अडथळा असू द्या, फक्त तो मागे ठेवा. उंची कमी मिळेल, मिळू दे, तीन मजल्यांवर कंदील नीट दिसतो, दहा मजल्यांवर तो नुसता ठिपका असतो.

सामान बघू. सव्वा लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, सोड्याचीच, पाण्याची नाही. पाण्याच्या बाटलीची भिंत पातळ असते आणि ती दाबासाठी बनवलेलीच नसते. सोड्याची ओळखायची कशी तर तळ बघा, पाच फुगीर पाय असतात. चरे पडलेली, दुमडून पांढरी रेघ आलेली, उन्हात गाडीत पडून राहिलेली बाटली नको. मग बांबूच्या कामट्या, बुरूडाकडे मिळतात, किंवा संक्रांतीला येवल्याची पतंग आणली असेल तर फाटक्या पतंगांच्या कामट्यासुद्धा चालतात पण त्या बारीक असतात, घेराच्या गोल कड्याला पुरतात, आड्याला म्हणजे तिरप्या काड्यांना नाही. घेराला कागद वापरू नका. पतंगी कागद पहिल्याच उड्डाणाला भिजून लगदा होतो, जिलेटिनही ओलं झालं की मऊ पडतं. फुलवाले बुके गुंडाळायला जो रंगीत पारदर्शक प्लास्टिकचा कागद वापरतात तो घ्या, हलका, चकचकीत, पाणी लागलं तरी ढिम्म. झिरमिळ्यांना कचऱ्याच्या पातळ पिशव्या उभ्या कापा. नाकासाठी थर्माकोलचा नाहीतर फोमचा चेंडू आणि शाडू माती, गणपतीची उरलेली असतेच कुणाकडे तरी. दोरा साधा शिवणकामाचा जाड. नायलॉन मांजा नको, त्याच्यावर बंदी आहे आणि असायलाच पाहिजे. चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणि धागेवाली पॅकिंग टेप. ग्लू गन बाटलीला लावू नका, उष्णतेने प्लास्टिक आकसतं आणि तिथंच फुटतं, झटपट चिकटणारा गोंदही नको, तो प्लास्टिक कडक करून तडकवतो.

लाँचरसाठी, म्हणजे ज्याच्यावरून उडवायचं त्या स्टँडसाठी, अर्धा इंची यूपीव्हीसी पाईप लागतो, आणि इथं नीट ऐका, कारण दुकानात तीन वेगवेगळे अर्धा इंची मिळतात. बाटलीच्या तोंडाचा आतला व्यास सुमारे २१.७ मिलिमीटर. प्लंबिंगचा पांढरा यूपीव्हीसी बाहेरून २१.३, म्हणजे सरकून बसतो. सीपीव्हीसी, तो गरम पाण्याचा पिवळट पाईप, बाहेरून १५.९, तो आत खुळखुळतो. शेतीचा करडा पीव्हीसी बाहेरून २०, त्याला ओ-रिंग, म्हणजे फटीत दबणारी रबरी कडी, जाड लावावी लागते. रिकामी बाटली सोबत घेऊन जा. दुकानदार विचारणारच,

"कुठं बसवायचाय दादा, बेसिनला का टाकीला?"

"बाटलीत बसवायचाय काका."

"बाटलीत? बरं. किती फूट?"

चार फूट सांगा. एक एल्बो, एक एंड कॅप, सॉल्व्हेंट सिमेंटची छोटी डबी, पाईपवर घट्ट बसणाऱ्या दोन-तीन ओ-रिंग, दहा-बारा केबल टाय, एक होज क्लिप, आणि दीड इंची पाईपचा दोन इंच लांब तुकडा. पंक्चरवाल्याकडून बाइकच्या जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, फुकटच देतात. पंप मात्र गेजवाला पाहिजे, पायाचा असो की हाताचा. गेज नसलेल्या पंपाने हे करू नका, अंदाजाने हवा भरायची ही जागा नाही.

आता कंदील. बाटली तोंड खाली करून उडणार आहे, म्हणजे बाटलीचा तळ हे आपलं नाक. पहिल्यांदा मोठं कडं करा. व्यास २५ सेंटीमीटर पाहिजे, म्हणजे घेर साडेअठ्ठ्याहत्तर, जोडाला चार सेंटीमीटर धरून साधारण ८२-८३ ची कामटी कापा. रात्रभर पाण्यात भिजवा, सकाळी मेणबत्तीच्या आचेवर थोडी थोडी शेकत वाकवा. घाई केली की ती एकाच जागी मोडते आणि कडं बटाट्यासारखं वेडंवाकडं होतं, आच लांबून द्यायची, बोटाला चटका बसेल एवढी कामटी तापली की ती आपणहून ऐकते. जोडावर दोरा गच्च गुंडाळून गाठ. मग सहा आडे, प्रत्येकी साधारण २५ सेंटीमीटर, एक टोक कड्याला बांधलेलं, दुसरं टोक बाटलीच्या अंगावर, मानेपासून वीस सेंटीमीटर वर. कडं बाटलीच्या मानेच्या पातळीला आलं पाहिजे. झाला शंकू, वर चिंचोळा, खाली रुंद, खालून मोकळा. व्यास २५ च का तर मोठा केला की उंची पडते, ३० केलात तर दोनच मजले, आणि २० केलात तर उंच जाईल पण खालीही जोरात येईल.

आता तो विसाव्या भागाचा हिशेब. ४ बारला पाणी तोंडातून सेकंदाला २८ मीटरच्या वेगाने बाहेर पडतं आणि सुरुवातीचा रेटा जवळजवळ ३० किलोचा असतो. सहाशे ग्रॅमच्या वस्तूला ३० किलोचा रेटा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या पन्नासपट, आणि पाणी संपत आलं की वजन घटल्यामुळे तो आकडा आणखी वाढतो. तुमचा घेर ४० ग्रॅमचा असेल तर त्या क्षणी तो दोन-अडीच किलोचा होऊन मागे ओढतो. आणि मागे कुठं, तर मानेकडे, जिथं बाटली निमुळती होते. नुसता टेपने बाजूला चिकटवलेला घेर मोज्यासारखा निघून लाँचरवर राहतो आणि बाटली एकटी वर जाते, लोक हसतात. म्हणून प्रत्येक आड्याच्या वरच्या टोकाला धागेवाली टेप लावा, ती बाटलीच्या अंगावरून वर, तळावरून पलीकडे, समोरच्या आड्यावर उतरवा. सहा आड्यांना अशा तीन पट्ट्या, तळावर एकमेकींना छेदणाऱ्या. म्हणजे घेर बाजूला चिकटलेला राहत नाही, नाकावरून टांगलेला राहतो. ह्या कंदिलात सगळ्यात महत्त्वाचं काय असेल तर ह्या तीन पट्ट्या.

त्या ताणून बसल्या की मग प्लास्टिकचा कागद चढवा, सहा तुकडे, प्रत्येक तुकडा आड्यावर एक सेंटीमीटर दुमडून टेप. करंज्या, म्हणजे कंदिलावरच्या त्या फुगीर घड्या, लावायच्या असतील तर लावा, पण खालच्या अर्ध्या भागातच, वर लावल्या की अडथळा पुढे सरकतो आणि सगळं मुसळ केरात. झिरमिळ्या ३५ सेंटीमीटर लांब, दोन बोटं रुंद, फक्त कड्याच्या बाहेरच्या बाजूने. मध्ये एकही नको, तिथून पाण्याचा झोत येणार आहे. आणि एका आड्याखाली जागा रिकामी सोडा, तिथून लाँचरची दोरी बाहेर काढायची आहे, नाहीतर दोरी ओढली की झिरमिळ्याही सोबत येतात.

नाकाला सत्तर ग्रॅम शाडू माती. बाटलीच्या तळाच्या पायांमध्ये खोलगट जागा असते तिथं ती दाबून बसवा, पूर्ण वाळू द्या, वरून अर्धा कापलेला फोमचा चेंडू, आणि सगळ्यावरून टेप. दगड, खिळे, नट-बोल्ट नाकात नाही म्हणजे नाही. ही गोष्ट खाली येताना नाक पुढे करूनच येणार, मऊ असलेलं बरं. सगळं मिळून वजन दोनशे ग्रॅमच्या आत राहिलं पाहिजे, किचनच्या काट्यावर बघा.

तोल तपासायची पद्धत सोपी. रिकामा कंदील आडवा बोटावर तोला, जिथं तुलेल तो वजनाचा मध्य. तो मानेपासून साधारण वीस सेंटीमीटरवर, म्हणजे घेर सुरू होतो त्याच्या आसपास यायला हवा. घेराच्या शंकूचा हवेचा मध्य टोकापासून दोन-तृतीयांश खाली असतो, म्हणजे मानेपासून सहा-सात सेंटीमीटरवर. अंतर तेरा-चौदा, बाटलीची जाडी नऊच्या आसपास, म्हणजे पास. आकडेमोड नको असेल तर त्याच तोलाच्या जागी दोरा बांधा, दोन-अडीच मीटर सोडा आणि गच्चीवर डोक्याभोवती गरगर फिरवा. नाक पुढे ठेवून फिरला तर उडेल. आडवा लोळत किंवा शेपूट पुढे करून फिरला तर नाकात आणखी दहा-पंधरा ग्रॅम माती, परत फिरवा. ही चाचणी न करता मैदानावर जाऊ नका. शेजारच्या काकू बघत असतील तर बघू द्या.

इथं एक बारकावा. पाणी भरलं की वजनाचा मध्य मानेकडे सरकतो, आणि तोल अगदी काठावर येतो. पण पाणी संपतं तेव्हा कंदील जेमतेम मीटरभर वर असतो, आणि त्यातले पहिले वीस सेंटीमीटर तर लाँचरच्या पाईपवरच सरकत असतो. म्हणून आत घुसणारा पाईप हवाच. नुसत्या रबरी बुचावर उडवणारे लोक आहेत, साध्या बाटलीला चालतं, ह्या आकाराला नाही, शिवाय बूच कुठल्या दाबाला सुटेल हे बुचालाच माहीत.

लाँचर असा. उभा पाईप ऐंशी सेंटीमीटर, खाली एल्बो, एल्बोला आडवा एक फूट, त्याच्या टोकाला एंड कॅप. कॅपला भोक पाडून ट्यूबचा व्हॉल्व्ह आतून ओढून नटाने कसायचा, रबराचा थोडा गोल तुकडा ट्यूबचाच ठेवायचा, तो वॉशरचं काम करतो. सॉल्व्हेंट सिमेंट लावल्यावर पूर्ण एक दिवस हात लावू नका. वरच्या टोकापासून १९ सेंटीमीटरवर पाईपला कानशीने बारीक खाच करा, सगळीकडून सारखी, त्यात ओ-रिंग. बाटली घातली की रिंग बरोबर मानेच्या आत दबली पाहिजे, साबणाच्या पाण्याचं बोट फिरवलं की छान सरकते. आत वीस सेंटीमीटरच का, तर बाटली उलटी-सुलटी कशीही धरली तरी पाईपचं टोक पाण्याच्या वर राहतं, तेवढा हिशेब त्यात बसवलाय.

बाटली धरून ठेवायचं काम केबल टायचं. बाटलीच्या मानेवर जी बाहेर आलेली गोल कडा असते, झाकणाच्या खाली, तिच्यावर टायची डोकी अडकवायची. आठ-दहा टाय पाईपभोवती उभे लावा, डोकी वर आणि आत वळलेली, शेपट्या खाली होज क्लिपमध्ये कसलेल्या. आता दीड इंची तुकडा ह्या डोक्यांवरून वर सरकवला की ती कडेवर दाबून बसतात, बाटली हलत नाही. तुकडा खाली ओढला की डोकी उघडतात, बाटली सुटते. दुकानात टाय लावूनच तुकडा निवडा, सैल असेल तर दाब वाढला की डोकी निसटतात. तुकड्याला दोन बाजूंनी दोरी, दोरी खाली फळीवरच्या हुकातून बाहेर, म्हणजे तुम्ही आडवी ओढली तरी तुकडा सरळ खाली येतो. तो आपोआप खाली घसरू नये म्हणून वरच्या बाजूला एक रबर बँड. सगळं दोन फूट प्लायवर क्लॅम्पने, आणि प्लायवर चार विटा. एकदा नीट बनवला की हा लाँचर वर्षानुवर्षं जातो, कंदील मात्र बदलत राहतात.

आणि हवा भरायच्या आधी पाण्याची चाचणी. बाटलीवर कंदील चढवायच्या आधीच करायची. बाटली काठोकाठ पाण्याने भरा, लाँचरवर लावा, गेजवर ८० पीएसआय दाब दिसेपर्यंत पंप करा, पाच मिनिटं ठेवा. पाणी दबत नाही, त्यामुळे बाटली फाटलीच तर नुसती चिरते आणि ओलं होतं. हवेने भरलेली फाटली तर बॉम्ब आहे. ही चाचणी ८० ला पास झाली की उडवायचं ६० ला, म्हणजे सुमारे ४ बारला. त्याच्या वर जायचं नाही. पोरं "अजून दोन पंप, अजून दोन पंप" करतात, तेव्हा पंप मोठ्या माणसाच्या हातात असलेला बरा.

जागा. चारी बाजूंनी पन्नास-साठ पावलं मोकळी पाहिजेत, वर तारा नकोत. आमच्या नाशिकमधलं सांगतो, गोल्फ क्लबचं मैदान सकाळी चालणाऱ्यांनी आणि क्रिकेटवाल्यांनी गजबजलेलं असतं, तिथं नको. डोंगरे वसतिगृहाचं मैदान प्रदर्शन किंवा सर्कस नसेल तेव्हा बरं. तपोवनाकडची मोकळी जागा सिंहस्थाच्या काळात विसरा, तिथं साधुग्राम असतं. देवळाली आणि गांधीनगरच्या लष्करी हद्दीच्या आसपास तर खेळणं असलं तरी जाऊ नका, तिकडे उडणाऱ्या गोष्टींकडे वेगळ्या नजरेने बघतात. कुणाचं पडीक शेत मिळालं तर उत्तम, पण द्राक्षबागेला लागून नको. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर बाटली पडली तर बागायतदार जे बोलेल ते ऐकून घ्यावं लागेल, आणि त्याचंच बरोबर असेल. वेळ सकाळी सात-साडेसातची. नाशिकला थंडीत तेव्हा वारा पडलेला असतो, अकरानंतर सुटतो, आणि एवढा घेर असलेला कंदील वाऱ्यात तिरका जातोच.

उडवताना. कंदील नाक खाली करून धरा, ४०० मिली पाणी मापाने ओता, एक-तृतीयांशच, जास्त पाणी म्हणजे जास्त उंची असं नसतं, पाणी वाढलं की हवेला जागा उरत नाही आणि अर्धं पाणी नुसतं वजन म्हणून वर जातं. मग लाँचर वरून आत घाला, टाय कडेवर बसवून तुकडा सरकवा, रबर लावा, आणि सगळं मिळून उलटं करून फळी जमिनीवर ठेवा. झिरमिळ्या हाताने मोकळ्या करा. दोरी रिकाम्या जागेतून बाहेर आहे ना बघा. चष्मा घाला, पंप करणाऱ्याने तर घालायलाच पाहिजे, पंपाची नळी लांब असावी, दोन-तीन मीटर तरी. बाकी सगळे सात-आठ पावलं मागे. ६० झालं की पंपवालाही मागे येतो, तीन-दोन-एक, दोरी. सुटलं नाही तर कुणीही वाकून बघायचं नाही. परत ओढा, तरी नाही सुटलं तर व्हॉल्व्हची पिन काठीने दाबून हवा सोडा, लांब हात करून, मग जवळ जा.

सुटतं तेव्हा फळीवर पाण्याचा पांढरा फटकारा बसतो, कंदील एकदम उचलला जातो, झिरमिळ्या सरळ खाली ताणल्या जातात, आणि मग अडथळा लगेच ब्रेक लावतो. वर गेल्यावर तो क्षणभर थांबल्यासारखा दिसतो, डुलतो, नाक फिरवतो आणि झिरमिळ्या मागे फडफडवत खाली येतो. हिशेबाने ताशी तीसेक किलोमीटरने. तीच बाटली नाकात माती घालून घेराशिवाय सोडली तर कितीतरी जास्त वेगाने आदळेल, म्हणून पॅराशूटचं लचांड इथं लागत नाही. तरी ताशी तीस म्हणजे डोक्यावर झेलायची गोष्ट नाही, सगळ्यांनी वर बघत राहायचं. लगेच उचललात तर बाटलीच्या आत धुकं भरलेलं दिसेल, आणि हाताला गार लागेल. हवा झपकन पसरली की थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होऊन धुकं होतं, पोरांना हे उड्डाणाइतकंच आवडतं, बाटली पुढ्यात धरून दाखवा.

संध्याकाळी उडवायचा मोह होतोच, कंदील आहे म्हटल्यावर. पणती-मेणबत्ती अर्थातच नाही. बटण सेल, ३ व्होल्टचा सीआर २०३२, त्याला थेट एक एलईडी टेपने दाबून लावला की पेटतो, वजन सगळं मिळून तीन-चार ग्रॅम. अशा दोन-तीन जोड्या घेराच्या आतून, आड्यांच्या वरच्या टोकाशी, टेपचे चार वेढे देऊन, कारण पन्नासपटीत तो चार ग्रॅमचा सेलही दोनशे ग्रॅमचा होतो आणि टेप सोडून जातो. सूर्य मावळल्यावर थोडा उजेड असतानाच उडवा, पूर्ण अंधारात वरून काय येतंय ते दिसत नाही.

बिघाड बहुतेक ठरलेले. वर जाताच कोलांट्या घेतल्या तर नाक हलकं आहे किंवा झिरमिळ्या गळल्यात. दर वेळी एकाच बाजूला वळत असेल तर कडं वाकडं आहे, बाटली फिरवून बघा, बाजूही फिरली तर कडंच. पंप करताना मानेतून फसफस येत असेल तर ओ-रिंगवर वाळू आहे, पुसून परत लावा. दोरी ओढूनही टाय उघडत नसतील तर त्यांची डोकी जास्त आत वळलीत, किंचित तासून घ्या. बाटली वीसेक उड्डाणांनंतर बदला, वर काही दिसत नसलं तरी, एवढ्याशा वस्तूसाठी जीव अडकवू नका, घेर आणि पट्ट्या काढून नव्या बाटलीवर चढवता येतात, फक्त नवीन बाटलीची पाण्याची चाचणी परत.

पाच टोकांची चांदणी उडवायची असेल तर तोही कंदील ह्याच लाँचरवर बसतो, पण तिचा हवेचा मध्य बरोबर मधोमध येतो, त्यामुळे चांदणी मानेच्या खाली येईल एवढी मागे सरकवावी लागते आणि नाकात शंभर ग्रॅमच्या आसपास माती लागते. तिथं सव्वा लिटर कमी पडतं, सव्वादोन लिटरची बाटली घ्या, पाणी ७०० मिली, दाब तोच ६०, आणि फळीवर चारऐवजी आठ विटा.